माळावरची प्रत्येक आग विझवायलाच हवी का?

रानवाटा (धागाकर्ता)
फेब्रुवारी उजाडला की वणव्यांच्या बातम्या सुरू होतात आणि प्रत्येकीत 'वनसंपदा खाक' हे शब्द असतातच. सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलाबद्दल ते खरं आहे, तिथल्या झाडांना आगीची सवय नाही. पण पुणे, नगर, सोलापूरकडच्या माळाला तोच न्याय लावणं मला पटत नाही.

माळ घडला तोच कमी पाऊस, चराई, दुष्काळ आणि आग यांच्या हातून. कुसळी गवत जवळून बघा. वरचं सगळं जळालं तरी जमिनीलगतचे कोंब शाबूत राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. बीच्या कुसळाला पीळ असतो; ओल लागली की तो उलगडत फिरतो आणि बी मातीत शिरतं, म्हणजे वरून आग गेली तरी बी वाचतं. पळस जळूनही बुडातून फुटतो. अशी गवतं या उपखंडात साधारण ७०-८० लाख वर्षांपूर्वी पसरली, तेव्हा काडी ओढायला माणूस नव्हताच.

माळाला 'पडीक' ठरवून तिथे ग्लिरिसिडिया हे बाहेरून आणलेलं झाड लावायचं आणि त्याच्या रक्षणासाठी आगबंदी करायची, हे दोन्ही थांबायला हवं. माळढोकाला मोकळं गवत लागतं, झाडांच्या रांगा नकोत.

कडेपठार
ओल्या फांद्या घेऊन वणवा झोडपायला जाणाऱ्यांपैकी मी आहे, त्यामुळे हा धागा वाचून राग आला. यात नैसर्गिक काय आहे? आपल्याकडे वीज पडते ती वळवाबरोबर, एप्रिल-मेमध्ये, आणि मागोमाग पाऊस असतो. वणवे लागतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. कुणी गवत चांगलं येतं म्हणून पेटवतं, कुणाची बांध जाळताना आग सुटते. तोच डोंगर दरवर्षी जळतो. टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवर अंडी घालतात आणि त्यांची वीण याच दिवसांत सुरू होते. पिळाचं बी वाचेल हो, अंड्यांचं काय?

सातासमुद्रापार
आमच्याकडचं, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण देतो. विजेनं लागलेल्या आगी जळू द्यायच्या, हे तिथलं धोरण १९७२पासूनचं. १९८८च्या कोरड्या उन्हाळ्यात उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला आणि देशभर ओरड झाली. पण तिथल्या लॉजपोल पाइनचे बरेच शंकू राळेनं घट्ट बंद असतात, ते आगीच्या धगीनंच उघडतात. दुसऱ्याच वर्षी राखेत रोपांची दाटी झाली. आणि त्या आगींतली एक सर्वांत मोठी आग माणसाच्या सिगारेटमुळे लागली होती! काडी कुणाची, हे जंगल विचारत नाही.

कडेपठार
काडी कुणाची हे नसेल विचारत, पण किती वर्षांनी हे नक्की विचारतं. त्या पाइनच्या जंगलात इतकी मोठी आग शंभर ते तीनशे वर्षांतून एकदा येते. आमच्या डोंगरावर येते दर शिमग्याला. कोवळं रोप मनगटाएवढं व्हायच्या आतच पुन्हा जळतं. हे एकाच मापानं मोजू नका.

वेलबुट्टी
कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांत सोलिगा आदिवासी उन्हाळा लागतानाच पालापाचोळा हलका जाळायचे. १९७४मध्ये अभयारण्य झालं आणि ते बंद पडलं. घाणेरीची (लँटाना) झुडपं माजली ती त्यानंतर, असं सोलिगांचं म्हणणं आहे. आता आग लागली की वाळक्या घाणेरीवरून थेट शेंड्यापर्यंत चढते. आग अडवून ठेवली म्हणजे जंगल सुरक्षित झालं, असं नसतं.

वाड्यावरचा
आमची पिढ्यान्‌पिढ्यांची मेंढरं. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढरांसकट आमची बिऱ्हाडं, कोकणात उतरतात आणि पावसाआधी वर येतात. तेव्हा माळ काळाठिक्कर असला तर मेंढरांनी खायचं काय? वाळलेलं गवत हाच आमचा उन्हाळ्याचा चारा. वणव्याचं खापर आमच्यावर फोडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. उलट चरलेल्या माळावर आग पसरत नाही, पेटायला दाट गवतच उरत नाही. आमचे चराईचे माळ चर खणून, तारा मारून बंद झाले आणि तिथलं गवत कमरेएवढं वाढलं. ते पेटलं की कुणाच्या बापाला आवरत नाही.

रानवाटा
वाड्यावरचा यांच्या शेवटच्या मुद्द्यावर खरं तर वेगळा धागा हवा. माळाला घडवणाऱ्या गोष्टींत चराई आगीच्या बरोबरीची आहे आणि आपण दोन्ही एकदम बंद केल्या.

कडेपठार, दरवर्षीची आग मीही मागत नाही. एका माळाचे तुकडे पाडून दर हिवाळ्यात एखादाच जाळावा, बाकीचे चराईला ठेवावेत. वीण सुरू व्हायच्या आत, गवतात थोडी ओल असताना. वनखातं वणवा अडवायला जाळरेषा काढतं तेव्हा हिवाळ्यात गवतच जाळतं, म्हणजे हात सरावलेले आहेत.

कडेपठार
जाळरेषा म्हणजे काही मीटरचा पट्टा, अख्खा माळ नव्हे. वारा फिरला तर जबाबदार कोण? राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन अधिनियमानं गुन्हा आहे आणि ते कलम सैल करायला माझा ठाम विरोध आहे. माळावरची झाडांची लावणी थांबवायला मी तुमच्यासोबत येतो, निवेदनावर सही करतो. मेंढरांना माळ मोकळा करा, त्यालाही हरकत नाही. काडीला मात्र माझी ना राहील, निदान जळलेला, चरलेला आणि नुसता राखलेला असे तीन तुकडे शेजारीशेजारी ठेवून कुणी चार-पाच पावसाळे गवत आणि घरटी मोजेपर्यंत.