मदत हवी आहे: ट्रॅक्टरचा तिसरा लायनर वरच्या टोकालाच का झिजतोय?

नमस्कार मंडळी,

मी करवीर तालुक्यातला. घरचा ५० एचपीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. गेल्या गळीत हंगामाआधी लायनर (सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी), पिस्टन, रिंगा सगळं नवीन घातलं. एकाच हंगामात परत ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर, ऑईल खाणं सुरू. परवा हेड उतरवलं.

पहिले दोन बोअर (लायनरची आतली पोकळी) बरे आहेत. तिसऱ्यात वरची रिंग जिथून माघारी फिरते, तिथं नख अडकेल अशी कड पडलीय. बोअर गेजनं तिथं ०.१६ मिमी झीज, खाली ०.०३. खाली होनिंगच्या (तेल धरून राहावं म्हणून घासून पाडलेल्या) तिरक्या रेघा अजून दिसतात. वर मात्र आरसा झालाय, त्यात उभे ओरखडे.

झीज वरच जास्त का, हे कळतं. मधे पिस्टन वेगात असतो, रिंग तेलाच्या थरावर तरंगते. वर तो क्षणभर थांबतो, जाळही तिथंच, तेल पातळ होऊन थर तुटतो आणि लायनरचं बिड (ओतीव लोखंड) रिंगला घासतं. पण मग एकाच सिलिंडरात का? फडातला फुफाटा म्हणावा, तर एअर क्लीनर तिन्हींना एकच.

माझा संशय पाण्यावर आहे. तिसरा सिलिंडर पाण्याच्या पंपापासून सगळ्यात लांब. रेडिएटरला आम्ही कायम विहिरीचं पाणी घालत आलो. लायनर उपसला तर बाहेरून क्षाराची पापडी, तिसऱ्याला सगळ्यात जाड. गेल्या वर्षी काम केलेल्यांनी ब्लॉकच्या आतला थर खरवडलाच नव्हता, तेव्हा मीही बघितलं नाही. चढाला तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ जायचा.

आता उद्यमनगरात एक मिस्त्री म्हणतात, १५डब्ल्यू४० सोडून त्याहून जाड, २०डब्ल्यू५० ऑईल घाल. दुसरे म्हणतात, क्रोम रिंगा टाक. क्रोम लायनरवर क्रोम रिंग चालत नाही एवढं माहीत आहे, माझे लायनर साधे बिडाचे आहेत. पण पाणीच नीट फिरत नसेल, तर जाड ऑईलनं काय साधणार? क्षार काढायला ब्लॉक ॲसिडनं धुऊन घ्यावा का? कुणी केलंय का?

टोळीला उचल देऊन झालीय, हंगामाला दोन महिने आहेत. चुकीच्या जागी पैसे घालायची ऐपत नाही.

ता. क.: खाली एकांनी विचारलं म्हणून सांगतो, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) आहे. गरम पाण्यात टाकून बघितला, उघडतो.