‘अलैंगिक’ला मराठीत दुसरा शब्द आहे का?

वैजू : भाचीने घरी सांगितलं, तिला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही, मुलांबद्दल नाही की मुलींबद्दल नाही. ताई फक्त मराठी वाचते, म्हणून तिच्यासाठी दोन पानं लिहितेय. ‘असेक्शुअल’ला ‘अलैंगिक’ लिहिलं. आणखी काही मराठीत मिळेल म्हणून तोच शब्द शोधला, तर सगळं अलैंगिक प्रजननच आलं, अमीबाचं द्विविभाजन आणि हायड्राचं कलिकायन! ताईनेही मसुदा वाचून विचारलं, “म्हणजे हिला मूल होणार नाही का?” दुसरा शब्द सुचवा. वाचण्यासारखं काही माहीत असेल तर तेही सांगा.

जुनापुराणा : शब्द निर्दोष आहे. लिंग म्हणजे मुळात चिन्ह, खूण. विशेष्य बदललं की अर्थ बदलतो. अलैंगिक प्रजनन वेगळं, अलैंगिक व्यक्ती वेगळी.

मेधा_क : व्याकरणातलं लिंगही आडवं येतं ना. माझ्या सासूबाईंनी ‘अलैंगिक’चा अर्थ तृतीयपंथी असाच घेतला. ‘अकाम’ चालेल?

वैजू : ‘अकाम’मध्ये कामेच्छाच नाही असं होतं. डेव्हिड जे यांनी २००१ साली सुरू केलेलं ‘एव्हन’ हे असेक्शुअल लोकांचं संकेतस्थळ आकर्षणावरून व्याख्या करतं. इच्छा असूही शकते, पण ती कुणा व्यक्तीकडे वळत नाही.

रानवारा : माझ्या आत्याला सगळे ‘विरक्त’ म्हणायचे. विरक्त कसली! पैठण्यांची हौस, नाटकांची हौस, जिवाभावाच्या चार मैत्रिणी. फक्त लग्न नको म्हणायची. ब्रह्मचर्य व्रत म्हणून पाळतात, तिने काहीच पाळलं नव्हतं, ती तशीच होती. तिच्या माघारी वापरलेले शब्द इथे लिहवत नाहीत. म्हणून ‘अ’, ‘नि’, ‘वि’ लावलेला शब्दच मला नको. मुलं ‘असेक्शुअल’चं लघुरूप करून स्वतःला ‘एस’ म्हणतात, तेच घ्या.

जुनापुराणा : इंग्रजी न येणाऱ्या ताईंना ‘एस’ काय सांगणार? र. धों. कर्व्यांनी १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकामध्ये कामजीवनावर मराठीतच लिहिलं.

रानवारा : इंग्रजीत एस म्हणजे पत्त्यातला एक्काही. त्यांच्यात प्रेमात पडणाऱ्यांची खूण बदामचा एक्का, न पडणाऱ्यांची इस्पिकचा. ‘एक्का’ तर मराठीच आहे!

मेधा_क : इस्पिक पोर्तुगीज ‘एस्पादा’वरून आलं असेल का? आणि मग किलवर?

जुनापुराणा : किलवर इंग्रजी ‘क्लोव्हर’वरून असावा असं मला वाटतं.

वैजू : पत्त्यांचं नंतर बघू या का? ताईचा आजचा प्रश्न आहे, “डॉक्टरांना दाखवू का?” मी लिहिलंय की २०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, जी व्यक्ती स्वतःला असेक्शुअल मानते तिच्यावर कामेच्छेच्या विकाराचं निदान लावू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. डॉ. प्रगती सिंह यांच्या ‘इंडियन एसेस’ या भारतातल्या असेक्शुअल लोकांच्या गटाचं नावही दिलंय, पण ताईला मराठी हवं. तूर्त शब्द टाळून वाक्यच लिहिलं : ‘हिला माणसं आवडतात, माया आहे, पण शरीराची ओढ कुणाविषयी वाटत नाही.’

रानवारा : हे आत्याच्या वेळी कुणी लिहिलं असतं तर.

जुनापुराणा : वाक्य चांगलं आहे. पण पानाच्या माथ्यावर काय लिहिणार?