कमांड रोल फसला की ब्रिगेड जागेवरच, याला रिअलिझम म्हणायचं का?

तोफखाना_पुणे:
आम्ही चौघं रविवारी ब्लॅक पावडर हा टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायचा युद्धखेळ खेळतो, नेपोलियनच्या काळातल्या लढाया. हुकूम आधी मोठ्याने बोलायचा मग दोन डाईस टाकायचे, हाच कमांड रोल, कमांडरचं रेटिंग बहुतेकदा ८, त्याच्या वर आकडा पडला की ब्रिगेड हलत नाही. परवा माझी डावी बाजू सलग तीन टर्न उभीच, समोर मैदान मोकळं, आणि मी नुसता बघत बसलो. मित्र म्हणतो युद्धात असंच होतं. अरे पण मग मी ठरवलं काय? हा नियम ठेवू की काढू?

घोडदळ७६:
काढू नकोस. १६ जून १८१५ आठव, नेपोलियनचा सेनानी देर्लाँ, त्याची अख्खी कोअर, वीसेक हजार माणूस, त्याच दिवशी लढाया चाललेल्या लिन्यी आणि कात्र-ब्राच्या मधे उलटसुलट हुकमांवर दिवसभर चालत राहिली आणि एकाही लढाईत धड उतरली नाही. आपण टेबलावर वरून सगळं बघतो म्हणून आपल्याला ते अशक्य वाटतं, घोड्यावर बसलेल्या सेनापतीला धुरात काय दिसत होतं?

नकाशेवाला:
उदाहरण बरोबर, पण देर्लाँ भरकटला त्याला कारण होतं, डाईस कारण सांगत नाही. प्रशियाच्या १८२४ च्या क्रीगश्पील या लष्करी युद्धखेळात हुकूम लिहून अंपायरला द्यायचा, एक चाल म्हणजे दोन मिनिटं, स्वार पोचायला लागेल तेवढा वेळ लागणार. उशीर व्हायचा पण का झाला ते कळायचं, म्हणून राग यायचा नाही. बाकी ८ रेटिंगला ३६ पैकी १० वेळा रोल फसतो, सलग तीनदा म्हणजे शंभरात दोनदा, तुझं नशीबच वाईट होतं.

पिप_मोजणारा:
डीबीए हा दुसरा युद्धखेळ खेळून बघा. १२ एलिमेंट्स म्हणजे तुकड्या, दर टर्नला एकच डाईस, पडेल तेवढे पिप्स, म्हणजे त्या टर्नला चालींवर खर्चायचे गुण. एक पडला तरी तो कुठे खर्चायचा हे तूच ठरवतोस. एकत्र चालणारा गट एका पिपात जातो, पांगलेल्यांना एकेकाचा वेगळा, सेनापतीपासून लांब असेल तर जास्तच. म्हणजे फार हुशारीचा प्लॅन केला की सैन्य आपोआप अडकतं, आणि तो दोष आपलाच असतो. मला तरी यात जास्त खरेपणा वाटतो.

तोफखाना_पुणे:
पिप्सचं पटलं. सध्या रोल ठेवतो, पण त्याच ब्रिगेडचा सलग दुसऱ्यांदा फसला तर एक मूव्ह मिळेलच असं करून बघतो. रविवारी खेळलो की लिहितो.