कुर्डुवाडी स्टेशनाच्या माहितीफलकावर साल कोणतं घालावं?

माढेकर
कुर्डुवाडी जंक्शनच्या इतिहासाचा दीडशे शब्दांचा फलक करायचा आहे. कुणी स्थापना १८५९ सांगतं, कुणी १८९७. त्यातून जुन्या कागदांत 'कुर्डुवाडी' हे नावच सापडत नाही. कोणतं धरावं?

लोहमार्गी
दोन्ही सालं बरोबर आहेत, फक्त ती दोन वेगळ्या रेल्वेंची आहेत. १८५९ हे जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी) ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांच्या लाइनचं. दौंडकडून येणारी लाइन त्या वर्षी इथवर पोचली आणि १८६० मध्ये सोलापूरला गेली. १८९७ हे बार्शी लाइट रेल्वे या अरुंद रुळांच्या कंपनीचं. स्टेशन आधी, जंक्शन नंतर. 'स्थापना' हा एकच शब्द घातलात की घोळ होणारच. 'स्टेशन १८५९, जंक्शन १८९७' असं लिहा.

नाव सापडत नाही, कारण स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. आपल्याकडे 'रोड' लागलं की समजायचं, गाव लांब आहे आणि इथून रस्त्यानं जायचंय. याच लाइनवर पुढे अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड अजून आहेत. म्हणून जुन्या वेळापत्रकांत 'बार्शी रोड' शोधा. आणि 'बार्शी टाऊन' दिसलं तर ते तुमचं स्टेशन नव्हे, ते खुद्द बार्शीचं. इंग्रजी कागदांत स्पेलिंग 'बार्सी' असं आहे, शोधताना तेही घालून पाहा.

जुना_गार्ड
वर 'लाइट' म्हणजे हलकी हा शब्द आलाय, त्याचा अर्थ फलकावर दोन ओळींत यायलाच हवा. या स्टेशनाचं खरं महत्त्व तिथेच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर आधी जीआयपीत होता, नंतर त्यानं बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी उभी केली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. रूळ यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. त्याचा आग्रह असा की कुठल्याच ॲक्सलवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) ५ टनांपेक्षा जास्त भार नको, मग ते इंजिन असो की मालडबा. म्हणून इंजिनाला एकमेकांना जोडलेली आठ चाकं देऊन वजन वाटलं आणि मालडबे लांब, बोगीवाले (दोन्ही टोकांना वळू शकणारे चाकगाडे असलेले), दाबीव पोलादाचे केले. हलक्या रुळावरून भरपूर माल न्यायचा तर वजन वाटूनच न्यावं लागतं.

तोटा सोसावा लागला तो कुर्डुवाडीला. ब्रॉडगेज १६७६ मिमी, हे ७६२. डबा पलीकडे जाणं शक्यच नाही. कापसाच्या गाठी असोत की धान्याची पोती, प्रत्येक नग एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा. हमाली दुप्पट, वेळ जातो, पोती फाटतात. गेज बदलण्यामागे हे मोठं कारण होतं.

बार्शीकर
सालांची भर घालतो. बार्शीपर्यंत २१ मैल, १८९७. पंढरपूर फाटा १९०६. लातूर १९११. मिरज १९२७. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किमी. सरकारनं १९५४ मध्ये ताब्यात घेतली.

एक चूक फार जण करतात, ती टाळा. आजचा लातूर मार्ग म्हणजे जुन्याच जागेवर रुंद केलेले रूळ असं धरून चालू नका. नॅरोगेज, म्हणजे ही जुनी ७६२ मिमीची लाइन, धाराशिवला जात नव्हती, येडशीवरून परस्पर निघून जायची. रुंदीकरणात मार्ग वळवून धाराशिवला नेला. कुर्डुवाडी–धाराशिव तुकडा २००८ मध्ये सुरू झाला. त्यामुळे 'लातूरची गाडी पूर्वीपासून धाराशिववरून' असं फलकावर आलं तर वाचणारे हसतील.

माढेकर
आभार. गावात कुंपणाला जुने रूळ रोवलेत, त्यावर कारखान्याचं नाव आणि साल उठलेलं दिसतं. ते पुरावा म्हणून चालेल?

जुना_गार्ड
अर्धवट. ते साल रूळ ओतल्या-लाटल्याचं, लाइन सुरू झाल्याचं नाही. झिजलेले रूळ बदलतातच, आणि एका ठिकाणचे काढलेले दुसरीकडे वापरतात. अक्षरं रुळाच्या उभ्या पोटावर असतात. गंज तारेच्या ब्रशनं हलका काढा, खडू आडवा घासा, मग वाचता येतात. तिथेच वजनाचा आकडाही असतो, यार्डाला किती पौंड तो. ३०च्या आसपास असला तर नॅरोगेजचा असण्याची शक्यता. ६०, ९० असला तर तो या नॅरोगेजचा नसावा. आणि कुठे जुना तुकडा जागेवर सापडलाच तर गेज रुळांच्या आतल्या कडांमध्ये मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत नव्हे. नाहीतर काही सेंटिमीटर जास्त येतील आणि 'हे कुठलं गेज' म्हणून नवा धागा काढाल.

लोहमार्गी
जागा उरली तर एप्रिल २०१६ पण घ्या. दुष्काळात लातूरला पाणी नेणारी 'जलदूत' मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी मार्गे गेली. पहिल्या खेपेला १० टँकर डबे, सुमारे ५ लाख लिटर. मिरज आणि लातूर ही कॅलथ्रॉपच्या लाइनची दोन टोकं. सगळ्या लाइनचं गेज जुनंच राहिलं असतं तरी ते पाणी कुर्डुवाडीत उपसावं लागलं नसतं म्हणा, पण ७६२ मिमीवर एवढ्या मोठ्या टँकरची गाडी आणणार कुठून?