फॉर्मवर पिक्सेल मोजून बटणं ठेवणं आता तरी बंद करायचं का?

खिडकीबहाद्दर (धागाकर्ता)

मंडळी, विषय जुना आहे, पण दर दोन-तीन वर्षांनी डोकं वर काढतोच. सध्या एका पतपेढीच्या जुन्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं मराठीकरण माझ्या गळ्यात पडलंय. (कुठली ते विचारू नका, पोटापाण्याचा प्रश्न आहे.) सगळे फॉर्म माउसने ओढून बसवलेले. प्रत्येक लेबलला, टेक्स्टबॉक्सला, बटणाला डावीकडून इतके आणि वरून इतके असे आकडे चिकटवलेले. इंग्रजीत छान दिसायचं. मराठी मजकूर घातला आणि ‘पुढील हप्ता’चं झालं ‘पढील हप्ता’. लेबलची चौकट १३ पिक्सेल उंच. इंग्रजी अक्षरं तीत आरामात मावत होती. प चा उकार चौकटीखाली गेला आणि विंडोजने तो इमानेइतबारे कापला. ‘नोंदी’वरचा अनुस्वार दुसऱ्या टोकाला उडाला. ‘जामीनदाराचे संपूर्ण नाव’ हे लेबल तर शेजारच्या टेक्स्टबॉक्सखाली जाऊन ‘जामीनदाराचे संपू’ एवढंच उरलं.

आता एकेक फॉर्म उघडायचा आणि सगळं चार-चार पिक्सेलनी खाली सरकवायचं. आणि ज्याच्या लॅपटॉपवर स्केलिंग १२५ टक्के आहे तिथे पुन्हा नवा तमाशा: एक तर सगळं धूसर दिसतं, नाहीतर फाँट वाढतो आणि चौकट तेवढीच राहते.

माझं म्हणणं सरळ आहे. कंट्रोल (लेबल, रकाना, बटण, जे काही असेल ते) कुठे बसवायचा हे माणसाने आकड्यात सांगूच नये. ‘हे लेबल त्या रकान्याच्या आधी, दोन्ही एका ओळीत, उरलेली जागा रकान्याला’ एवढं सांगावं. मोजमाप यंत्राने, म्हणजे लेआउट मॅनेजरने करावं. टीसीएल-टीके या खिडक्या बनवायच्या जुन्या साधनात हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे, जावात १९९६ पासून आहे, क्यूटी आणि जीटीके या तशाच साधनांमध्ये तर दुसऱ्या पद्धतीने कुणी काम करतच नाही. विंडोजवाल्यांनाच काय सोनं लागलंय?

व्हीबी६_अजूनही

सोनं नाही लागलेलं, पण भाकरी मिळालेली आहे. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) आलं आणि ज्यांना खिडकी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं त्यांनी दुपारभरात फॉर्म बनवले. का? तर जे काढलं तेच दिसायचं. तुमच्या त्या जावाच्या ग्रिडबॅग लेआउटमध्ये एका कंट्रोलसाठी ११ गोष्टी भराव्या लागतात: कुठली ओळ, कुठला स्तंभ, किती ओळी व्यापणार, वजन (उरलेल्या जागेतला वाटा) किती, भरायचं कुठल्या दिशेला, मोकळी जागा किती... आणि एवढं भरून एक वजन बदललं की अख्खा फॉर्म फुगडी घालतो. बग शोधायला बसलात तर कुठल्या ओळीत शोधणार? चूक एका ठिकाणी असते आणि दिसते भलतीकडेच.

दुसरं, व्हीबीत मोजमाप पिक्सेलमध्ये नव्हतंच मुळी. ट्विप होते. इंचाचा १४४०वा भाग. ९६ डीपीआयला (इंचाला ९६ पिक्सेल) १५ ट्विप म्हणजे १ पिक्सेल, १२० ला १२. पडदा बदलला तरी प्रमाण तेच. तेव्हा ‘पिक्सेल मोजून’ हा तुमचा मथळाच अर्धा गळतो.

आणि तिसरं, जे कुणीच बोलत नाही. पतपेढीचा फॉर्म हा कागदी अर्जाची सही सही नक्कल असतो. कागदावर वर डावीकडे खाते क्रमांक, तर पडद्यावरही तिथेच. माणसाचा हात आणि डोळा जागेवर बसलेला असतो. तुमचं यंत्र खिडकीची रुंदी बघून ती जागा हलवणार असेल तर त्याला नमस्कार.

खिडकीबहाद्दर

ट्विपचा मुद्दा घेऊ. ट्विपने सगळं एकाच पटीत वाढतं, कबूल. पण इंग्रजीचं मराठी होणं ही पट नाहीच. फाँटचा आकडा तोच ठेवला तरी देवनागरीची ओळ उंच लागते, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. विंडोज २००० पासून मिळणारा मंगल फाँट बघा, त्याच पॉइंटच्या इंग्रजी फाँटपेक्षा त्याची ओळ चांगलीच उंच आहे. हे ट्विपला कसं कळणार? खुद्द विंडोजच्या डायलॉगमध्ये पहिल्यापासून वेगळं एकक आहे: आडवं माप सरासरी अक्षराच्या रुंदीचा चौथा भाग, उभं माप अक्षराच्या उंचीचा आठवा. म्हणजे मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक होतं की मोजमाप फाँटवरून निघालं पाहिजे. पण तेही अर्ध्यावर थांबलं. अक्षर किती मोठं हे त्या एककाला कळतं. शब्द किती लांब हे कळत नाही.

जागा हलण्याबद्दल: लेआउट मॅनेजर क्रम बदलत नाही. खाते क्रमांक वर डावीकडे ठेवलाय तर तो वर डावीकडेच राहतो.

चहाबाज

टीसीएल-टीकेचं नाव निघालंच आहे तर एक जुनी गंमत. त्यात ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ असे दोन मांडणीवाले आहेत. एकाच चौकटीत चुकून दोन्ही वापरले की पूर्वी प्रोग्राम लटकायचा. पॅक एक आकार ठरवणार, ग्रिड म्हणणार मला हा पसंत नाही, तो दुसरा ठरवणार, मग पुन्हा पॅक... न्यूनतम समान कार्यक्रम नसलेलं आघाडी सरकार. नंतरच्या आवृत्त्यांत सरळ एरर द्यायला लागले.

बाकी चालू द्या.

टोरांटोची_तायडी

मी आयफोनची ॲप्स लिहिते, त्यामुळे हे नाटक दुसऱ्या अंकापासून पाहिलंय. दोघांनाही थोडं थोडं टोचणार आहे.

२०१२ पर्यंत प्रत्येक आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० पॉइंट. मग कोण कशाला मांडणीचा विचार करतंय? सगळ्यांनी आकडे ठोकले. आयफोन ५ आला आणि उंची ४८० ची ५६८ झाली. जुनी ॲप्स वर-खाली काळ्या पट्ट्या लावून उघडायची. व्हीबीकाका, ‘जे काढलं तेच दिसतं’ याची किंमत ती.

ॲपलकडे तेव्हा उत्तर तयार होतं: ऑटो लेआउट. मॅकवर २०११ ला लायन आवृत्तीबरोबर, आयफोनवर २०१२ ला. यात तुम्ही समीकरणं लिहिता. रकान्याची डावी कड = लेबलची उजवी कड + ८. अशी शंभर समीकरणं गोळा करून ती एका गणिती सोडवणाऱ्याकडे द्यायची. त्याचं नाव कॅसोवरी, त्या न उडणाऱ्या पक्ष्यावरून; बॅड्रॉस, बॉर्निंग आणि स्टकी या तिघांचं काम. आत सिम्प्लेक्स पद्धत चालते, तीच जी ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात सोडवली होतीत. कल्पना तर त्याहून जुनी, १९६३ मध्ये आयव्हन सदरलंडच्या स्केचपॅडमध्ये रेघांवर अशी बंधनं घालता येत होती.

कागदावर देखणं. प्रत्यक्षात? प्रत्येक बंधनाला प्राधान्य द्यायचं, १००० म्हणजे मोडायचं नाहीच. बटणाने मजकुराला किती घट्ट बिलगायचं याला एक आकडा, किती दबून घ्यायचं याला दुसरा, २५० आणि ७५०. दोन लेबलं शेजारी, दोघांना २५०. मग जास्तीची जागा कुणाला मिळणार? यंत्र ठरवेल. कुणाला २५१ करायचं यावर मी कोडमध्ये भांडणं बघितलीत. आणि बंधनं एकमेकांत अडकली की लॉगमध्ये पानभर मजकूर येतो: सगळी एकदम पाळता येत नाहीत, म्हणून मी यातलं एक मोडतो. कुठलं मोडणार ते त्याची मर्जी. चूक एका ठिकाणी आणि दिसते भलतीकडे, हे काकांचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू.

शेवटी काय झालं? २०१५ ला ॲपलने स्टॅकव्ह्यू दिला, म्हणजे साधा आडवा नाहीतर उभा बॉक्स. २०१९ ला स्विफ्टयूआय आणलं, त्यात समीकरणं नाहीतच. आई म्हणते ‘एवढी जागा आहे’, मूल म्हणतं ‘मला एवढी पुरे’, आई त्याला कुठे बसायचं ते सांगते. गूगलच्या फ्लटरमध्येही हाच कारभार. क्यूटीवाले जे आधीपासून करत होते तिथेच फिरून आलो.

म्हणून खिडकीबहाद्दर, ‘आपोआप मांडणी’ असं एकच नाव घेऊन भांडू नका. बॉक्सात बॉक्स ठेवणारी आपोआप मांडणी मला हवी. समीकरणं सोडवणारी नको. ती तुमच्या हातातून आकडे काढून घेते आणि बदल्यात त्याहून अवघड आकडे देते.

चहाबाज

बॉक्सात बॉक्सही फुकट नाही ताई. अँड्रॉइडच्या लिनिअर लेआउटमध्ये वजन दिलं की पोरांची मापं दोनदा घेतली जातात. वजनात वजन घातलं की चारदा, मग आठदा. म्हणून तर गूगलने २०१७ ला कन्स्ट्रेंट लेआउट आणलं, आणि त्याच्या पोटातही तुमचा तोच पक्षी.

टोरांटोची_तायडी

खरंय. आणि मग अँड्रॉइडसाठी कंपोझ ही नवी पद्धत आणून एका मुलाला एकदाच मोजायचं असा नियमच केला. त्यांचीही प्रदक्षिणा पूर्ण.

रंगरेषा

इथे सगळे प्रोग्रामर दिसतायत. मी डिझाइनवाली. आपोआप मांडणीची माझी तक्रार वेगळीच आहे: ती मूर्ख असते. वाट्याला आलेली जागा भरून टाकायची एवढीच तिची अक्कल. मोठ्या मॉनिटरवर असा फॉर्म उघडून बघा. पिनकोडचा रकाना हातभर लांब! पिनकोड ६ आकडी, मोबाइल १० आकडी, आयएफएससी ११ अक्षरी. रकान्याची लांबी बघूनच माणसाला कळतं की इथे काय आणि किती लिहायचंय. तीन्ही रकाने सारखे ताणले की ही खूण पुसली गेली. हाताने मांडणारा माणूस हे न सांगता करतो. व्हीबीवाल्यांचे जुने फॉर्म करडे आणि कळकट असतील, पण पिनकोडचा रकाना पिनकोडएवढाच असायचा.

व्हीबी६_अजूनही

कळकट सोडून बाकी सगळ्याला अनुमोदन.

खिडकीबहाद्दर

रंगरेषा, हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो लेआउटवर नाही, लेआउटला काही न सांगणाऱ्यावर आहे. टीकेच्या रकान्याला रुंदी अक्षरांत देता येते. एचटीएमएलमध्येही देता येते. क्यूटीत ‘हा ताणायचा नाही’ असं धोरण लावता येतं. पिनकोडला ६ अक्षरं सांगा, शेवटी एक रिकामी ताणणारी जागा ठेवा, उरलेली रुंदी तिथे जाईल. उलट तुमची ‘६ अक्षरं’ ही समज आकड्यात गाडली गेली, डावीकडून १२०, रुंदी ५५, तर पुढच्या माणसाला ती कशी कळणार? त्याला दिसतो फक्त ५५.

काकांसाठी अजून एक. तुम्ही ‘आमच्याकडे अँकर आहे’ म्हणाल म्हणून आधीच लिहितो. डेल्फीत (व्हीबीसारखंच दुसरं साधन) होता, २००२ पासून मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या फॉर्ममध्येही आहे: कंट्रोल चारपैकी कुठल्या कडांना बांधायचा ते सांगा. पण अँकर फक्त खिडकीकडे बघतो. खिडकी रुंद झाली तर रकाना रुंद करतो. आतला मजकूर वाढला तर त्याला पत्ताच नाही. माझा ‘पढील हप्ता’ अँकरने सुटत नाही. लेबलने आधी सांगायचं की मला एवढी उंची लागते, मग ओळीने, मग फॉर्मने. माप आतून बाहेर आलं पाहिजे.

काउंटर_नं_३

मी प्रोग्रामर नाही, पतपेढीत काउंटरला बसते. तुम्ही सगळे आमच्या नावाने भांडताय म्हणून लिहिते.

आम्ही पडद्याकडे बघतच नाही हो. नजर स्लिपवर असते. खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, एंटर, जतन. जागा लक्षात नसते, कितव्या एंटरला काय येतं ते बोटांच्या लक्षात असतं. मागच्या वेळी नवीन आवृत्ती दिली, दिसायला झकास, पण खाते क्रमांकानंतर एंटर दाबला की थेट तारखेत! दोन दिवस रकमा तारखेच्या रकान्यात टाकत होतो. आणि अक्षर मोठं केलं की फॉर्म खाली वाढतो आणि ‘जतन करा’ बटण स्क्रोल केल्याशिवाय दिसत नाही. रांगेतल्या लोकांना काय सांगू, थांबा, बटण शोधतेय?

खिडकीबहाद्दर

ताई, हे दोन्ही लिहून ठेवलं. बटणांची पट्टी सरकणाऱ्या भागाच्या बाहेर, खिडकीच्या तळाशी बांधलेली हवी, आणि फक्त वरचा भाग सरकायला हवा. उंची अपुरी पडली तर काय आधी आकसणार हे ज्याने ठरवलं नाही त्याच्याकडे असंच होतं. एंटरचा क्रम मात्र मांडणीवर सोडूच नये, तो वेगळा लिहावा. डॉटनेटमध्ये तर पॅनेलमध्ये कंट्रोल हलवला की क्रम पॅनेलच्या आत नव्याने मोजला जातो. तुमच्याकडे नेमकं तेच झालं असणार.

व्हीबी६_अजूनही

बघा, काउंटरवरून आलेली साक्ष माझ्या बाजूने आहे. जुना फॉर्म होता तोवर एंटर कुठे जायचा? जिथे जायला हवा तिथेच.

एक अजून विचारतो. चेक छपाईचं काय? तारखेच्या ८ चौकोनांत ८ आकडे बसवायचेत. तिथेही लेबलला विचारणार का, बाबा रे, तुला किती जागा लागते?

टोरांटोची_तायडी

चेकवर मिलिमीटर, निर्विवाद. कागद वाढत नाही, कुणी त्याचं स्केलिंग १२५ टक्के करत नाही. पडद्याचं तसं नाही काका, आणि हे तुम्हालाही माहितीये.

व्हीबी६_अजूनही

माहितीये म्हणून तर नव्या फॉर्मसाठी डॉटनेटचं टेबल लेआउट पॅनेल वापरून बघतोय. लेबलांची उंची आपोआप, पिनकोडला ठरावीक स्तंभ. पण रकाने जास्त झाले की फॉर्म उघडताना डोळ्यांदेखत एकेक ओळ सरकत जागेवर येते. लाज वाटते गिऱ्हाइकापुढे. जुने फॉर्म मात्र हलवणार नाही, आधीच सांगतो. त्याचे पैसे कुणी देत नाही.

खिडकीबहाद्दर

कंट्रोल भरायच्या आधी सस्पेंड लेआउट आणि सगळे भरून झाल्यावर रिझ्यूम लेआउट टाका. नाहीतर प्रत्येक कंट्रोल घातला की तो सगळं पुन्हा मोजत बसतो. पॅनेलात पॅनेल असेल तर आतल्यांनाही वेगळं टाकावं लागतं, बाहेरच्याने आतले थांबत नाहीत.

व्हीबी६_अजूनही

आतल्यांना टाकलं नव्हतं. सोमवारी बघतो.