प्रतिसाद: एका अजिंक्यपदाचा हिशेब
एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये एकच अजिंक्यपद, म्हणून डॅलस संघाचा डर्क नोविट्झकी दुसऱ्या फळीतला खेळाडू, हे वर कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. २००७ साली तो एमव्हीपी (लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू) ठरला, पण त्याच मोसमात अव्वल मानांकित डॅलस पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून हरलं. दुसरा एखादा खेळाडू संघ बदलून मोकळा झाला असता. हा तब्बल २१ मोसम डॅलसमध्येच राहिला. ते एकमेव अजिंक्यपद मिळालं त्या २०११ च्या अंतिम मालिकेत मायामीविरुद्धचा चौथा सामना तो अंगात ताप असताना खेळला, डाव्या हाताचं बोट तर आधीच दुखावलेलं! आणि तो एका पायावरचा फेडअवे, म्हणजे मागे झुकत केलेली फेक! उजवा गुडघा वर घेऊन सात फुटी माणसाने सोडलेला चेंडू अडवणार कोण? आज उंच खेळाडू सर्रास तीन गुणांसाठी लांबून फेकतात, ती वाट रुळवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.