नोकरी सोडून पूर्णवेळ जादूचे प्रयोग करावेत का? (इंदूर)

रामबागवाला
नमस्कार मंडळी, वय ३६, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्स बघतो. सातवीत असताना मामाने जादूच्या शोला नेलं होतं तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच, अजूनही खिशात पत्त्यांचा कॅट असतो. दोरी, रिंगा, नाणी, पत्ते मिळून ४० एक आयटम येतात. गणपतीत आमच्या मंडळात आणि नातेवाइकांच्या वाढदिवसांना करतो पण सगळं फुकट, पैसे मागायला जीभच रेटत नाही. आता मनापासून वाटतंय की हेच करावं. बायको नाही म्हणत नाहीये, पण मुलगी दुसरीत आहे आणि फ्लॅटचा हप्ता आहे. कोणी केलंय का असं? सुरुवात कुठून करू?

बदामचा_गुलाम
दादा, मी १४ वर्षं करतोय, इंदूर, देवास, उज्जैन. नोकरी आत्ता सोडू नका. आणि ४० आयटम विसरा, ३० मिनिटांचा एकच प्रयोग बांधा, ६-७ आयटम, पण ते झोपेत उठवलं तरी जमले पाहिजेत. माझा पहिला पैशाचा शो पीथमपूरला एका फॅक्टरीच्या फॅमिली डेला होता, मी ४० मिनिटांत १८ आयटम पळवले, टाळ्या पडल्या, पण जेवताना कोणाला एकही नीट आठवेना आणि तिथून परत फोन आला नाही. प्रसिद्ध जादूगार थोरले पी. सी. सरकार एक साधा लोटा घ्यायचे, तो रिकामा करून ठेवायचे आणि दोन आयटमांच्या मधे पुन्हा उचलला की त्यातून परत पाणी, शो संपेपर्यंत तेच, त्या आयटमचं नाव वॉटर ऑफ इंडिया. एका लोट्यावर लोक शेवटपर्यंत वाट बघायचे! अशी एक गोष्ट तुमची स्वतःची शोधा. बोलणं हिंदी-मराठी दोन्हींत तयार ठेवा, इथे समोर दोन्ही बसलेले असतात.

पैशाचं म्हणाल तर अर्धा बयाणा आधी, त्याशिवाय तारीख अडकवायची नाही. आषाढी एकादशीपासून देवउठनी ग्यारसपर्यंत (म्हणजे कार्तिकी एकादशी) लग्नं बंद, मधे गणपतीचे १० दिवस काय ते काम, म्हणून निदान ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा नको.

सुदामानगरची_ताई
मी आमच्या मंडळाचे कार्यक्रम ठरवते म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. पैसे मागाच हो. फुकट आलेल्या माणसाला आरतीनंतरची वेळ मिळते आणि निम्मे लोक प्रसादाच्या लाइनीत असतात, मानधन ठरलं की आपोआप स्टेज, माइक, वेळ सगळं नीट मिळतं. आम्ही बघतो ते एवढंच की माणूस तासभर आधी पोचतो का आणि स्टेजवर बोलावलेल्या मुलाशी कसा वागतो. एका जादूगाराने मुलाच्या कानामागून नाणं काढताना सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं, लोक हसले पण पोरगं रडत आईकडे गेलं, मला अजून वाईट वाटतं. त्यांना पुन्हा बोलावलं नाही. त्या मुलाच्या हातून जादू झाली असं दाखवा, बघा त्याची आई स्वतःहून तुमचा नंबर मागेल.

पिंगळा
कबुतरं-ससे घेणार असाल तर २००१ च्या नियमांप्रमाणे खेळात प्राणी-पक्षी वापरायला आधी नोंदणी लागते. आणि देशी पोपट तर घरी पाळणंच कायद्यात बसत नाही.

रामबागवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. पक्षी नाहीतच माझ्याकडे. काल रात्री ४० मधले ७ निवडायला बसलो तर एक वाजला, ५ ठरले, सहाव्यावर अडलोय. कापलेली दोरी जोडायचा आयटम मुलीच्या हातात गाठ देऊन करून बघितला, तिने फुंकर मारली आणि गाठ गेली तेव्हा ती स्वतःच दचकली, तो नक्की ठेवतोय. ताई, डिसेंबरात तुमच्या मंडळाचा मुलांचा काही कार्यक्रम असेल तर सांगा, ३० मिनिटं, आणि मानधन घेईन.